दाराआडचा नकाशा

बोळात दोन माणसं टेप धरून उभी आहेत, हे सेक्रेटरींना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं आणि हातातला चहा ओट्यावर तसाच ठेवून ते चपला शोधू लागले. वास्तविक बोळात कुणी टेप धरली तर धरली. पण सेक्रेटरींची सगळी नोकरी दुकानादुकानांतले वजनकाटे तपासण्यात गेलेली. आपल्या माघारी कुणी काहीही मोजतंय ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. निवृत्त झाल्यापासून तर हा आजार बळावला होता. घरातली साखर, इमारतीच्या टाकीतलं पाणी, दूधवाल्याचं माप, सगळं मोजून झालं होतं आणि नवीन काही हाती लागत नव्हतं.

ते खाली पोचले तेव्हा त्यातला एकजण भिंतीवर लाल रंगाने फुली मारत होता. ही भिंत म्हणजे इमारतीची कुंपणभिंत. ती आणि पलीकडच्या शाळेची मागची भिंत यांच्यामधून जी अरुंद वाट जाते, तो बोळ. या टोकाला इमारतीचं मागचं फाटक, त्या टोकाला बाजाराचा रस्ता. बोळ नसेल तर पुढच्या दाराने निघून, पेट्रोल पंपाला वळसा घालून, मोठा चौक ओलांडून जावं लागतं. सेक्रेटरींनी विचारलं, ही फुली कसली? तो माणूस म्हणाला, बोळ बंद होणार, इथे वाहनतळ होणार. कुणी ठरवलं म्हणून विचारलं, तर तो टेप गुंडाळत म्हणाला, "ठरलंय."

या एका शब्दाने सेक्रेटरींचं डोकं फिरलं. कुणी ठरवलं नाही, कधी ठरवलं नाही, शिंक यावी तसं आपलं ठरलंय. ते तरातरा वर आले. बायको कामावर निघायच्या गडबडीत होती. बाजाराच्या रस्त्यावर दातांच्या कवळ्या बनवणारी एक लॅब आहे, तिथे मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवण्याचं काम ती बरीच वर्षं करत आलेली. सेक्रेटरींनी तिला उभ्या उभ्या सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले की तू काळजी करू नकोस, तुला या वयात पंपाचा वळसा पडू देणार नाही. बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, बरं म्हणाली, आणि ओट्यावरचा चहा आता टाकू का, असं विचारलं.

त्या दिवसापासून सेक्रेटरींना घरात बसवेना. खुर्चीत बसले की गुडघा हलू लागे, उभे राहिले की पाय फाटकाकडे वळत. दिवसातून किती वेळा ते बोळाच्या तोंडाशी जाऊन ती फुली पाहून येत, याला सुमार नव्हता. पुसून टाकावी तर सरकारी रंग, राहू द्यावी तर डोळ्यांत खुपते. शेवटी त्यांनी सोसायटीची तातडीची सभा बोलावली.

सेक्रेटरींची सभा घेण्याची एक पद्धत होती, तिच्याबद्दल इथे सांगायलाच हवं. सभेला पुरेसे लोक कधीच येत नसत. मग ते गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्याचं जाहीर करत आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवत. या दुसऱ्या सभेला गणसंख्येची अट नसते. मधल्या अर्ध्या तासात जे दोन-चार आलेले असत तेही कंटाळून घरी जात, आणि मग सेक्रेटरी ठराव वाचून, समोरच्या खुर्च्यांना उद्देशून, "कुणाची हरकत? नाही. मंजूर," असं म्हणत. खुर्च्यांनी आजवर हरकत घेतलेली नव्हती. इमारतीचा रंग, लिफ्टची वेळ, गच्चीला कुलूप, सगळं याच पद्धतीने मंजूर झालेलं. बोळ वाचवण्याचा ठरावही असाच झाला. तळमजल्यावरचे गाडीवाले, म्हणजे ज्या एका गृहस्थांकडे दोन गाड्या आणि लावायला जागा एकच आहे ते, या सभेला यायला निघाले होते. पण दुसऱ्या गाडीसाठी जागा शोधत ते आसपास फिरत राहिले आणि जागा मिळून वर येईपर्यंत ठराव मंजूर होऊन खुर्च्या आवरल्या गेल्या होत्या.

ठरावाला खरं वळण दिलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी. हे गृहस्थ कोर्टात फारसे जात नसत. खटला लढवण्यापेक्षा तो कसा लढवावा हे सांगण्यातच त्यांना अधिक गोडी. त्यांनी सेक्रेटरींना समजावलं की आमचा बोळ वाचवा म्हटलं तर आपण स्वार्थी ठरतो, आम्हाला आधी विचारा म्हटलं तर आपण नागरिक ठरतो. तेव्हा बोळाचं नावच काढायचं नाही. नियोजनाची पद्धतच अन्यायाची आहे, लोकांना न विचारता नकाशे होतात, यावर बोट ठेवायचं. सेक्रेटरींना हे इतकं पटलं की त्यांनी तिथल्या तिथे 'आधी विचारा समिती' स्थापन केली, स्वतःला निमंत्रक नेमलं आणि कुणाची हरकत नसल्याचं नोंदवून टाकलं.

समिती झाली म्हणजे फलक आलाच. फलकावर काय लिहावं यावर पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी सर्वांना एक पूर्ण संध्याकाळ बसवून ठेवलं. बाईंचं म्हणणं, 'आधी विचारा' एवढ्यानं कुणाला, काय, कशाबद्दल याचा बोध होत नाही. मग कुणाला, काय, कशाबद्दल हे सगळं घातल्यावर फलक एवढा लांबला की तो इमारतीच्या कुठल्याच भिंतीवर मावेना. शेवटी तो बोळाच्या तोंडाशी आडवा बांधला. तो नेमका गळ्याच्या उंचीवर आला. येणारे जाणारे पहिले दोन दिवस सौजन्याने वाकून गेले. तिसऱ्या दिवशी शिकवणीची मुलं धावत आली आणि फलक गळ्यात घेऊनच बाईंच्या दारात पोचली. तोवर भाजीच्या पिशव्या घेऊन वाकण्यापेक्षा पंपावरून गेलेलं बरं, असं काही लोक म्हणू लागले होते. बोळ बंद करण्याच्या कामी समितीने कार्यालयावर आघाडी घेतली होती.

मग सेक्रेटरी आणि वकील नियोजन कार्यालयात गेले. आधी तो नकाशा तरी डोळ्यांनी पाहावा, असा बेत. खिडकीवरच्या कारकुनाने शांतपणे सांगितलं की नकाशा पाहायला अर्ज लागतो आणि अर्जात नकाशाचा क्रमांक लागतो. क्रमांक कुठे मिळेल? नकाशावर. सेक्रेटरींनी आवाज चढवला. कारकुनाने मुळीच चढवला नाही. उलट तो म्हणाला की तुम्हाला अर्जाची गरजच नाही, नकाशा सर्वांना पाहण्यासाठी जाहीरपणे लावलेला आहे, तो काय त्या दाराच्या मागच्या बाजूला.

दार मोठं होतं, दोन माणसांच्या उंचीचं, आणि ते उघडून भिंतीला टेकवलेलं होतं. म्हणजे नकाशा भिंतीकडे तोंड करून. सेक्रेटरी म्हणाले, दार लावा. कारकून म्हणाला, कामकाजाच्या वेळेत दार उघडं ठेवण्याचा आदेश आहे, जनतेसाठीच. मग कामकाज संपल्यावर पाहतो, असं सेक्रेटरी म्हणाले. कामकाज संपल्यावर दार लावतात, पण लावताना माणसं बाहेर असतात आणि नकाशा आतल्या बाजूला, हे कारकुनाने त्यांच्या लक्षात आणून दिलं. कार्यालयाने सगळं जाहीर केलं होतं आणि काहीही लपवलं नव्हतं.

वकिलांनी सल्ला दिला की दाराच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरून पाहायला कायद्याने मनाई दिसत नाही. सल्ला वकिलांचा, त्यामुळे फटीत शिरले सेक्रेटरी. पोट आत ओढून, मान तिरकी करून, मोबाइलच्या उजेडात ते नकाशा वाचू लागले. नाक कागदाला टेकत होतं, त्यामुळे एका वेळी एकच गल्ली दिसे. शाळा सापडली. बाजाराचा रस्ता सापडला. इमारतही सापडली, पण शाळेची भिंत आणि इमारतीची भिंत यांच्यामध्ये काहीच नव्हतं. नुसता पांढरा कागद. 'रिक्त' असं लिहिलेलं. तेवढ्यात कुणी फायलींचा गठ्ठा घेऊन आलं आणि पायाने दार आणखी मागे रेटलं.

बाहेर आल्यावर सेक्रेटरी बराच वेळ नाक चोळत होते, पण दुःख नाकाचं नव्हतं. कारकुनाकडे त्यांनी हरकत नोंदवायचा प्रयत्न केला की आमचा बोळ बंद करू नका. त्याने विचारलं, कुठला बोळ? आणि त्याचंही बरोबर होतं. नकाशात बोळ नव्हता, म्हणजे तो बंद होत नव्हता, म्हणजे हरकत घेण्याजोगं काही घडतच नव्हतं. शिवाय हरकतींची मुदत केव्हाच संपली होती. मुदतीत एकही हरकत आली नव्हती, म्हणून सर्वांची संमती आहे असं धरून पुढची कारवाई झाली होती. हे ऐकल्यावर सेक्रेटरींच्या अंगाचा तिळपापड झाला. लोक गप्प बसले म्हणजे मंजुरी धरायची, ही कुठली रीत, असं त्यांनी त्या कार्यालयात दणकून विचारलं. वकिलांना खोकला आला आणि तो जिना उतरेपर्यंत थांबला नाही.

आता घोडं पेंड खात होतं ते इथेच. सेक्रेटरींना जेवण जाईना. जेवताना ते चमच्याने ताटावर नकाशा काढत. नियोजनाच्या अधिकारी बाईंना भेटल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून त्यांनी भेटीची वेळ मागितली आणि तोवरच्या दिवसांत एक भाषण तयार केलं. ते त्यांनी आरशासमोर म्हणून पाहिलं, लिफ्टमध्ये म्हणून पाहिलं, बायकोला डबा भरताना ऐकवलं. भाषणाचा कळस असा होता: "माझी पत्नी, वय झालेली, दिवसभर उभं राहून दुसऱ्यांच्या तोंडात दात घालणारी, ती या बोळातून रोज जाते आणि रोज येते. तिला तुम्ही विचारलंत का?" इथे थांबायचं, समोरच्याकडे रोखून पाहायचं. बायकोने डब्याचं झाकण लावलं आणि एवढंच म्हटलं की आम्ही ते बसून करतो. सेक्रेटरींनी 'उभं राहून' तसंच ठेवलं, कारण बसून म्हटल्यावर वाक्याचा जोर जात होता.

अधिकारी बाई वयाने लहान आणि वागायला फार शांत निघाल्या. सेक्रेटरींनी भाषणाचं पहिलं वाक्य म्हटलं. बाई म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. त्यांनी दुसरं म्हटलं. बाई म्हणाल्या, हेही बरोबर. नकाशा दाराआड असणं चुकीचंच आहे, मी आजच तो बाहेर लावायला सांगते. हरकतींना मुदतवाढ हवी, देऊ. सुनावणी कामाच्या वेळेत नको, संध्याकाळी घेऊ, तुमच्या शेजारच्या शाळेतच घेऊ, आणि आलेल्या प्रत्येकाला बोलू देऊ. पत्नीच्या वाक्यापर्यंत सेक्रेटरी पोचलेच नाहीत. लढायला आलेल्या माणसाला असं सगळं आयतं हातात दिलं तर त्याने हात ठेवायचे कुठे? परतताना वकिलांनी सुचवलं की निषेधाची तयारी झालीच आहे, तर निषेध करून टाकायला काय हरकत आहे. पण निषेध कशाचा, हे काही केल्या सुचेना.

खरी धांदल पुढे सुरू झाली. सेक्रेटरी मजल्यामजल्यावर जाऊन कुणी काय बोलायचं ते पढवू लागले. शिकवणीच्या बाईंनी मुलांच्या सुरक्षिततेवर बोलायचं, वकिलांनी कायद्यावर, वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी नुसतं काठी टेकत पुढे यायचं आणि खुर्चीवर बसायचं, बोलायचं नाही, कारण ते बोलू लागले की थांबत नसत. गाडीवाल्यांचं दार त्यांनी वाजवलं, पण आतून कुणी उघडलं नाही. प्रत्येकाला पढवून झाल्यावर ते विचारत, कुणाची हरकत नाही ना, आणि उत्तराच्या आत पुढच्या दारी पोचलेले असत. सुनावणीच्या दिवशी सकाळपासून ते शाळेत चार फेऱ्या मारून आले. एकदा खुर्च्या लागल्यात का पाहायला, एकदा त्या सरळ आहेत का पाहायला. बायकोला त्यांनी बजावलं होतं की लॅबमधून थेट ये, पहिल्या रांगेत बस. तुझं वाक्य आलं की मी तुझ्याकडे हात करीन.

शाळेच्या खुर्च्या लहान मुलांच्या होत्या. त्यांवर सगळी मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेली, त्यामुळे सुनावणीला सुरुवातीपासूनच म्हणावं तसं गांभीर्य येईना. अधिकारी बाईही तसल्याच खुर्चीवर बसल्या. सेक्रेटरी उभेच राहिले. त्यांना बसवतच नव्हतं.

पहिले बोलायला उठले गाडीवाले. त्यांना कुणीच पढवलेलं नव्हतं. ते म्हणाले की मला वाहनतळ हवाय. रोज संध्याकाळी माझा दिवसातला चांगला वेळ जागा शोधत फिरण्यात जातो, आणि त्या फिरण्यामुळेच मी सोसायटीच्या सभेला पोचू शकलो नाही, जिथे माझ्या वतीने मला वाहनतळ नको असं ठरलं. हशा झाला. सेक्रेटरी म्हणाले की तो ठराव रीतसर झालाय. गाडीवाले म्हणाले, "रीतसर झालाय, पण कुणी केला? तुम्ही आणि खुर्च्यांनी."

तिथून जे सुटलं ते आवरेना. शिकवणीच्या बाई सुरक्षिततेवर छान बोलत होत्या, पण बोलता बोलता सुरक्षिततेसाठी बोळ बंद झालेलाच बरा, मुलं तिथे रेंगाळतात, अशा टोकाला येऊन पोचल्या आणि स्वतःच दचकून खाली बसल्या. आजोबा काठी टेकत पुढे आले, खुर्चीवर बसले आणि बोलू लागले. त्यांना बोळाबद्दल काही म्हणायचं नव्हतं, गच्चीच्या कुलपाबद्दल म्हणायचं होतं. वकिलांनी दोन्ही बाजूंना सल्ला दिला. सेक्रेटरी या टोकाकडून त्या टोकाकडे येरझारा घालत होते. एवढा खटाटोप करून सर्वांना बोलायला मिळावं म्हणून आपण भांडलो, आणि हे लोक चक्क बोलतायत, हे त्यांना कुठेतरी फार लागलं.

शेवटी त्यांना राहवलं नाही. ते मधोमध जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की गाडी ठेवायच्या जागेसाठी रडणं सोपं आहे. पण रोज त्या बोळाने चालणाऱ्या माणसाचं काय? आणि मग आपलं वाक्य त्यांनी सुरू केलं: माझी पत्नी, वय झालेली, दिवसभर उभं राहून... ते थांबले, ठरल्याप्रमाणे. ठरल्याप्रमाणे त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला.

अधिकारी बाईंनी वहीतून मान वर काढली आणि सेक्रेटरींना नव्हे, त्यांच्या बायकोला विचारलं, "तुम्ही रोज त्या बोळातून जाता?"

"नाही," ती म्हणाली.

सेक्रेटरींना वाटलं, घाबरून चुकीचं बोलली. ते हळूच म्हणाले, "अगं, लॅबला जातेस ते..."

"पंपावरून जाते. दोन वर्षं झाली." ती उठून उभी राहिली, कारण त्या खुर्चीवर बसून बोलणं अवघड होतं. "मी तिथे पडले होते, आठवतं? फरशी नाहीये एका ठिकाणी. दिवा पण नाही. तेव्हापासून मी जात नाही."

सेक्रेटरींना आठवत होतं. बायकोच्या मनगटाला बरेच दिवस पट्टी होती आणि त्या दिवसांत सकाळचा चहा त्यांनी स्वतः केला होता. त्याबद्दल इमारतीतल्या सगळ्या बायकांनी त्यांचं कौतुक केलं होतं. ते कौतुक त्यांना चांगलंच आठवत होतं.

"मग मला सांगायचं नाहीस?" त्यांनी विचारलं. विचारायला नको होतं, हे विचारून झाल्यावर त्यांना कळलं.

"सांगितलं होतं. तुम्ही सभेचं इतिवृत्त लिहीत होतात. म्हणालात, फरशीची तक्रार लेखी दे, पुढच्या सभेत घेऊ. मी दिली. तर म्हणालात, अर्ज सभासदाने द्यावा लागतो, आणि घर तुमच्या नावावर आहे." ती जराही चिडून बोलत नव्हती. लॅबमध्ये कुणाला कवळी कशी धुवायची ते सांगावं, तशी सांगत होती. "तुमचंही बरोबर होतं. नियम होता तो."

यावर कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. गाडीवालेसुद्धा खाली बघत होते. सेक्रेटरींना वाटलं, आता बसावं. ते एका लहान खुर्चीवर बसले आणि त्यांचा गुडघा पहिल्यांदाच हलला नाही.

अधिकारी बाईंनी विचारलं की मग तुम्हाला काय वाटतं, बोळ बंद करावा? ती म्हणाली, बंद कशाला? फरशी घाला आणि दिवा लावा. जवळची वाट आहे, मला हवी आहे. एवढं बोलून ती बसली. बाईंनी ते लिहून घेतलं आणि मग त्या म्हणाल्या की नकाशात नसलेल्या बोळाला दिवा लावता येत नाही, तेव्हा आधी बोळ नकाशात दाखवावा लागेल. तो एकदा दाखवला की वाहनतळाची जागा अपुरी पडते, म्हणजे तो प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागेल, आणि त्यासाठी पुन्हा सुनावणी. ती भरदिवसा आणि बोळातच घेऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गाडीवाल्यांनी सोडून. वकिलांनी सेक्रेटरींच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की जिंकलात. सेक्रेटरींना तसं अजिबात वाटत नव्हतं. आपलं पूर्ण भाषण राहूनच गेलं आणि जिंकलं ते बायकोचं वाक्य, एवढं त्यांना समजत होतं.

शाळेतून बाहेर पडेपर्यंत दिवेलागण झाली होती. समोर बाजाराचा रस्ता, डाव्या हाताला बोळाचं तोंड, उजवीकडे लांब पंपाचे दिवे. सेक्रेटरींचे पाय सवयीने बोळाकडे वळले आणि थांबले. लोक मागून येऊन बाजूने पुढे जात होते.

"कुठून जायचं?" त्यांनी विचारलं.

बायकोने जरा विचार केला. "बोळातूनच जाऊ. तुम्ही आहात ना बरोबर. पण पुढे तुम्ही चला."

एवढ्याने सेक्रेटरींना धीर आला. काहीही झालं तरी बोळ त्यांच्या ओळखीचा. डोळे मिटूनसुद्धा मी यातून चालत जाईन, असं ते आजवर कितीतरी जणांना म्हणाले होते. आत शिरताच त्यांची चाल पूर्ववत झाली, हात मागे बांधले गेले, आणि अधिकारी बाईंनी कुठला मुद्दा अर्धवट सोडला याबद्दल ते बोलू लागले. मागून बायको म्हणाली की डावीकडून चला. ते म्हणाले, मला ठाऊक आहे, आणि त्याच वेळी त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला.

ते पडले ते बसलेच. खाली गार आणि ओलं होतं. चप्पल आतच राहिली होती. मान वर करून त्यांनी पाहिलं, तर शाळेच्या भिंतीवरचं आभाळ एवढंसं दिसत होतं आणि बाकी काहीच दिसत नव्हतं.

"दुखतंय?" बायकोने विचारलं.

"नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "हो."

ती वाकली आणि तिने हात पुढे केला. सेक्रेटरींनी धरला आणि जोर देणार, एवढ्यात त्यांना जाणवलं की तिने डावा हात दिलाय आणि त्यामुळे ती वाकडी उभी आहे. "उजवा दे ना," ते म्हणाले, "असा कसा तोल राहील?"

"उजवा भार घेत नाही अजून."

सेक्रेटरींनी तिचा हात सोडला. आयुष्यभर लोकांच्या काट्यात केसाइतका फरक त्यांनी पकडलेला, आणि घरात दोन वर्षं डाव्या हाताने कळशी उचलली जात होती. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी मागे हात नेऊन भिंत चाचपली, तिला धरलं, पाय ओढून काढला आणि आपले आपण उठले. चप्पल काढायला ते पुन्हा वाकले नाहीत.

"दात मग कुठल्या हाताने बसवतेस?" त्यांनी विचारलं.

"उजव्याच. त्याला जोर लागत नाही."

यापुढचा बोळ ती पुढे आणि ते मागे, असे दोघे डाव्या भिंतीच्या कडेने चालत गेले. मधे एके ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली की इथेही एक फरशी हलते. सेक्रेटरींनी पाय उचलण्याआधी विचारलं, कुठली, आणि तिने सांगेपर्यंत ते एका पायावर उभे राहिले.